कोरडे अल्बम

कुठल्याही मराठी घरातला जुना अल्बम उघडून बघा. मे महिन्यातली लग्नं असतात, डिसेंबरातली स्नेहसंमेलनं असतात, दिवाळीच्या पहाटे तेल चोपडलेली, झोपाळलेली पोरं असतात, महाबळेश्वरच्या कुठल्याशा पॉइंटवर पदर सावरत उभ्या असलेल्या आत्या नि काकू असतात. गणपतीही असतो, पण घरातला, फ्लॅशच्या उजेडात सोंड चकाकणारा. नसतो तो पाऊस. घराबाहेरचे जून ते सप्टेंबर हे चार महिने अल्बमात नाहीतच. पुढंमागं एखाद्या संशोधकानं निव्वळ आपल्या अल्बमांवरून इथल्या हवामानाचा अंदाज बांधायचा ठरवला, तर तो कोकण उचलून थेट जैसलमेरच्या शेजारी नेऊन ठेवेल.

आमच्या घरापुरतं म्हणाल, तर याचं कारण कपाटात होतं. बाबांचा अ‍ॅग्फा क्लिक थ्री. बडोद्यात तयार झालेला, 120 चा रोल खाणारा. एका रोलमध्ये फोटो 12. पाठीमागच्या लाल खिडकीत आकडा दिसेपर्यंत खटका फिरवायचा आणि मग श्वास रोखून उभं राहायचं. फोटो काढणाऱ्यानंही आणि काढून घेणाऱ्यांनीही. लेन्सभोवती ऊन आणि ढग अशा खुणा होत्या. पावसाची खूण नव्हती. बनवणाऱ्यांनी तो विषयच काढला नव्हता. मिरग लागला की बाबा कॅमेरा पुसून, जुन्या मलमलीत गुंडाळून, औषधाच्या बाटल्यांतून साठवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट वरच्या कप्प्यात ठेवून देत. दमट हवेत लेन्सच्या काचेवर बुरशी धरते, कोळिष्टकासारखी पसरते आणि एकदा काचेवरच्या लेपात घुसली की पुसून जात नाही. त्यामुळे पावसाळा हा कॅमेऱ्याचा चातुर्मास असायचा. गणपतीत दोन फोटो निघत, दसऱ्याला एक, आणि उरलेला रोल मे महिन्यातल्या कुणाच्या तरी लग्नाची वाट बघत आत बसून राही. रोल संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही, हा नियम होता.

पण सगळा दोष काही त्या बिचाऱ्या डब्याला देता येणार नाही. मला पुढे बरा कॅमेरा मिळाला, भिंगं मिळाली, आणि पावसाचा फोटो काढायचाच असा हट्ट धरून मी घाटाघाटांतून हिंडू लागलो. तेव्हा कळलं, की पाऊस कॅमेऱ्याला दिसतच नाही. मोठा, टपोरा थेंब सेकंदाला सुमारे 9 मीटर वेगानं खाली येतो. शटर सेकंदाचा साठावा भाग उघडं राहिलं, तर तेवढ्यात तो वीतभर खाली उतरलेला असतो. म्हणजे थेंब उमटत नाही, उमटते एक फिकट रेघ. मागं पांढरं आभाळ असेल तर तीही नाही. शटरचा वेग वाढवावा तर उजेड पुरत नाही. 100 स्पीडच्या फिल्मला उन्हात f16 आणि सेकंदाचा सव्वाशेवा भाग पुरायचा. आषाढातल्या ताम्हिणीत, झाडांखाली, भर दुपारी तीच फिल्म आंधळी व्हायची. सिनेमावाल्यांना हे फार पूर्वी उमगलं आहे. ते पावसाच्या मागून दिवा लावतात, म्हणून नायिकेवर पडणारा पाऊस मोत्यांच्या सरींचा दिसतो आणि माझ्यावर पडणारा नुसता ओला.

ब्रायन ब्रेक या न्यूझीलंडच्या छायाचित्रकारानं 1960 साली भारतातल्या पावसाळ्याचे फोटो काढले. पुढल्या वर्षी ते ‘लाइफ’ मासिकात आले आणि गाजले. त्यातला सगळ्यांत प्रसिद्ध फोटो एका मुलीचा: मिटलेले डोळे, वर केलेला चेहरा, त्यावर पावसाचे थेंब. पहिल्या पावसाचा आनंद म्हटलं की आजही हाच चेहरा पुढं केला जातो. ती मुलगी म्हणजे तेव्हा शाळकरी वयाच्या अपर्णा सेन. आणि पाऊस? कोलकात्यातल्या एका गच्चीवर झारीनं ओतलेलं पाणी. हे प्रथम वाचलं तेव्हा मला फसवल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही, उलट हायसं वाटलं. एवढ्या मोठ्या माणसालाही खरा पाऊस सापडला नाही, तर आपण कोण!

ज्याला सापडला, त्यानं वेगळी वाट धरली असं मला वाटतं. रघुबीर सिंग यांचा 1967 मधला मुंगेरचा फोटो आहे. भर पावसात एकमेकींना बिलगून उभ्या असलेल्या बायका, अंगाला चिकटलेली लुगडी. पावसाच्या सरी त्यात शोधत बसावं लागत नाही. बायका कशा उभ्या आहेत त्यावरून तो किती कोसळतोय ते कळतं. हे कळायला मला फार लेन्सा पुसाव्या लागल्या.

कारण धुकं हे आणखी एक प्रकरण. कॅमेऱ्याच्या मीटरला सगळं जग मध्यम करडं आहे असं वाटतं. समोर पांढरंशुभ्र धुकं आलं, की ‘उजेड फार झाला’ अशी समजूत करून घेऊन तो फोटो काळपटवतो. माळशेजला ढगात चालल्याचे माझे पहिले फोटो धुऊन आले तेव्हा स्टुडिओवाल्यानं काळजीनं विचारलं होतं, “कुठं आग लागली होती का हो?” धुकं पांढरं दिसायला हवं असेल तर मीटर सांगतो त्याहून जास्त उजेड आत घ्यावा लागतो, हे त्यानंच काउंटरवर हात टेकून मला समजावलं. तेवढ्यात मागं पासपोर्ट फोटोवाल्यांची रांग लागली.

याच्या उलटही झालं. रत्नागिरीत एसी खोलीत रात्र काढून पहाटे भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. रात्रभर गार झालेली काच दमट वाऱ्यात आली आणि तिच्यावर बाष्प धरलं. आतल्या भिंगावर असल्यानं रुमाल निरुपयोगी. कॅमेरा हवाबंद पिशवीत घालून तिच्यातच बाहेरच्या हवेइतका गरम होऊ द्यायचा, एवढा साधा उपाय आहे; पण तोवर तास जातो, आणि सकाळचा उजेड कुणासाठी थांबत नाही. काढले तसेच फोटो. घरी सगळ्यांनी ते वाखाणले. “काय सुंदर धुकं होतं रे!” आकाश तेव्हा लख्ख होतं. मी काही बोललो नाही, कारण कौतुक कुणाला नको असतं.

कोकण रेल्वेतली गोष्ट तर मी अजून चारचौघांत सांगतो. पावसाळ्यात या गाड्यांचं वेळापत्रक वेगळं असतं, वेग उतरवलेला असतो, त्यामुळे फोटो काढायला ही गाडी उत्तम अशी माझी समजूत. उक्शी स्टेशनाजवळ रानपाटचा धबधबा रुळांच्या इतका जवळ कोसळतो, की तुषार डब्यात येतात. तो कुठल्या बाजूला येणार, यावर संगमेश्वरपासून डब्यात दोन तट पडले. एक आजोबा ठामपणे म्हणाले, “हिकडं. माझ्या डोळ्यांसमोर लाइन झाली.” मी आजोबांच्या दारात जाऊन उभा राहिलो. समोर हिरवी दरड, तिच्यावरून ओघळणारं पाणी, नेचे, आणि मागच्या दाराकडून अख्ख्या डब्याचा ‘आलाऽऽ’ असा पुकारा. टिफिन, बॅगा, कुणाचे तरी पाय ओलांडत पलीकडच्या दारात पोचलो, कॅमेरा उचलला, आणि गाडी कर्बुड्याच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटर अंधार. त्या अंधारात आजोबांचा आवाज आला, “परतीच्या वेळी बघा, तेव्हा ह्याच बाजूला येतो.” परतीची गाडी रात्रीची होती.

पाऊस अल्बमात शिरल्याची एकच हकीकत मला ठाऊक आहे, आणि तिच्यात कॅमेऱ्याचा काही संबंध नाही. 26 जुलै 2005. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर. मिठी नदीच्या आसपास तळमजल्यावर राहणाऱ्या आमच्या एका नातेवाइकांच्या घरात छातीइतकं पाणी आलं. गाद्या, फ्रिज, रेशनकार्ड यांचा हिशोब झाल्यावर वहिनींना लग्नाच्या अल्बमची आठवण झाली. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो पाण्यात फुगतो, मऊ होतो, आणि तसाच वाळला तर समोरच्या फोटोला चिकटतो तो कायमचा. ओले असतानाच ते एकेक सुटे करून स्वच्छ पाण्यात हलकेच धुवायचे आणि वाळवायचे असतात. आम्ही तेच केलं. कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून सगळं लग्न टांगलं. अंतरपाट, सप्तपदी, विहिणींची पंगत, रुसलेले एक मामा. रंगीत फोटोच्या कागदात निळसर थर सगळ्यांत वर असतो आणि पिवळा सगळ्यांत खाली. पाणी वरून खरवडत जातं, म्हणून पुरात सापडलेल्या फोटोंच्या कडा जळाल्यासारख्या तांबड्या-पिवळ्या होतात. मामांचा रुसवा वाहून गेला, फेटा राहिला. जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा हीच वाळवणं टीव्हीवर पुन्हा दिसली.

आता सगळ्यांच्या खिशात फोन आहे आणि तो भिजला तरी चालतो म्हणतात. म्हणजे पावसाचे फोटो निघायला हवेत. पण फोन मोठा चतुर. कमी उजेडात तो एका फोटोसाठी भराभर पुष्कळ फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर बसवतो, आणि ज्या गोष्टी एकीत आहेत आणि दुसरीत नाहीत त्यांना गोंगाट समजून पुसून टाकतो. पावसाच्या रेघा बहुतेक त्या गोंगाटातच जातात. बाबांच्या डब्याला पाऊस दिसत नव्हता. या शहाण्याला दिसतो आणि नको असतो.

वर भिजलेल्या पडद्याला थेंब आणि बोट यांतला फरक कळत नाही. आंबोलीच्या घाटात, मुख्य धबधब्यासमोर फोन उंच धरून मी उभा होतो आणि पाऊस आपल्या मर्जीनं बटणं दाबत होता. त्यानं आधी सेल्फीचा कॅमेरा लावला, मग फोटोंचा ढीग काढला, मग कुठूनसा सावंतवाडीच्या मावशीला व्हिडिओ कॉल जोडला. पडद्यावर मावशीचं कपाळ उगवलं.

“कोण रे? दिसना नाय काय ता.”

“मावशी, मी. आंबोलीत आहे. बघ, काय पाऊस आहे!” मी फोन धबधब्याकडे वळवला.

“अरे, तो आमचोच पाऊस. मगाशी हयसून गेलो. आदी टकली पूस, आनि येताना मिरची-कोथमीर घेवन ये.”