चुकलेली वाट

राजमाचीला जाण्याच्या वाटा दोन. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे सुमारे १५ किलोमीटरची, लांब पण सोपी. कर्जतकडून कोंदिवडे, कोंडाणे लेणी अशी जवळची, परंतु उभ्या चढणीची. तरुणांसह आम्ही दुसरी निवडली. लेण्यांपुढे वाटेला अनेक फाटे फुटले. नकाशा हाती असता कोणाला विचारणे आम्हांस कमीपणाचे वाटले. तासभर रानात भटकलो. पाणी संपले, एका मुलीला भोवळ आली. तोच मोळी घेतलेल्या एक आजी भेटल्या.

“ही गुरांची वाट हाय, बाबा. मागं लेण्यांपाशी जावा.”

खरी वाट लेण्यांजवळूनच वर चढत होती. लाज आम्हांला वाटली होती. तहान मात्र मुलांनी सोसली. दुसऱ्या दिवशी परतताना त्या मुलीसाठी तुंगार्लीची लांबची वाट धरली. निघण्यापूर्वी पायथ्याच्या उधेवाडीत नीट विचारून घेतले.