रंगाची शिल्लक

मोटारीच्या पत्र्यावरील रंग हा एकच थर नसून एकावर एक चढविलेल्या चार आवरणांचा संच असतो, आणि यंत्राने पॉलिश करण्याच्या कामाचा विचार या आवरणांच्या जाडीपासूनच सुरू करावा लागतो. कारखान्यात पत्रा धुऊन त्याला फॉस्फेटचा लेप दिल्यानंतर गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर गंजरोधक थर बसविला जातो. त्यावर पृष्ठभाग एकसारखा करणारा प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगछटा देणारा बेस कोट आणि सर्वांत वर रंगहीन, पारदर्शक असा क्लिअर कोट येतो. या चारही थरांची एकत्रित जाडी बहुतेक मोटारींत १०० ते १४० मायक्रॉन भरते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि त्यांपैकी क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी असतो. पॉलिश केल्याने या आवरणात कशाचीही भर पडत नाही, उलट त्याचा वरचा अंश झिजवून काढला जातो. त्यामुळे या कामातील कौशल्य किती चमक आणली यावर नव्हे, तर ती आणताना किती कमी थर खर्ची घातला यावर जोखले पाहिजे.

त्र्यंबकेश्वरसारख्या ठिकाणी या खर्चाचा प्रश्न अधिक तीव्र होतो. ब्रह्मगिरी आणि त्याभोवतीचे डोंगर दख्खनच्या काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसाल्टचे आहेत; या पाषाणातील फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजे क्लिअर कोटच्या राळेपेक्षा कितीतरी कठीण असतात, आणि रस्त्यांच्या कामांतून, खडीतून व चाकांखाली भरडून उडालेली त्यांची धूळ बॉनेटवर बसते. श्रावणातील तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी असो किंवा पौषातील निवृत्तिनाथांची यात्रा, वाहनतळांवर तासन्‌तास उभ्या राहिलेल्या गाड्यांवरील ही धूळ कोरड्या फडक्याने झटकण्याची सवय जवळपास सार्वत्रिक आहे, आणि रंगाचे सर्वाधिक नुकसान करणारी सवयही हीच आहे. फडक्याखाली सापडलेला प्रत्येक कण क्लिअर कोटवर एक सूक्ष्म चर ओढत जातो. हे चर सर्व दिशांना गेलेले असतात. मात्र सूर्याचे किंवा दिव्याचे प्रतिबिंब गाडीवर पडते तेव्हा त्या प्रकाशाच्या दिशेला आडवे असणारे चरच तो डोळ्यांकडे परावर्तित करतात, आणि म्हणून प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. काळ्या व गडद निळ्या गाड्यांवर ती ठळकपणे जाणवतात, पांढऱ्या गाडीवर तेवढीच असूनही लपून राहतात.

यंत्र हाती घेण्यापूर्वीची तयारी हा या कामाचा मोठा भाग होय. प्रथम जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी लागते, कारण ती असताना स्पंज लावणे म्हणजे कोरडे फडके मारण्याचाच प्रकार असतो. त्यानंतर दोन बादल्यांची पद्धत वापरली जाते, जिच्यात एका बादलीत शाम्पूचे पाणी व दुसरीत केवळ स्वच्छ पाणी ठेवून हातमोजा प्रत्येक वेळी आधी दुसऱ्या बादलीत खळबळून घेतला जातो. धुतल्यानंतरही पत्र्यावरून हात फिरविला असता जो खरखरीतपणा लागतो, तो रंगात रुतून बसलेल्या कणांचा असतो. मुंबईहून कसारा घाट चढून येणाऱ्या किंवा जव्हारच्या बाजूच्या घाटरस्त्यांवर धावणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकमधून झिजलेल्या लोखंडाचे तापलेले कण दारांच्या खालच्या भागात व चाकांमागे चिकटतात आणि तेथेच गंजतात. त्यांवर थायोग्लायकोलेट या वर्गातील द्रावण फवारले की लोखंडाशी अभिक्रिया होऊन जांभळे ओघळ दिसू लागतात व कण सुटे होतात. उरलेला चिकटा काढण्यासाठी क्ले बार, म्हणजे अतिसूक्ष्म घर्षणद्रव्य मिसळलेला लवचीक गोळा, भरपूर ओलाव्यावर हलक्या हाताने सरकविला जातो. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याचे थेंब उन्हात वाळून राहिलेले पांढरे डाग हे कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते सौम्य आम्लाने विरघळतात. त्यासाठी पॉलिश खर्च करण्याचे कारण नसते, पण डागाने रंगात खळगा पाडला असेल तर मात्र आम्लाचा उपयोग होत नाही.

दसऱ्याच्या आणि नव्या गाडीच्या पूजेचा येथे स्वतंत्र विचार केला पाहिजे. बोटाने ओढलेले कुंकवाचे स्वस्तिक, हळद, नारळाचे पाणी आणि झेंडूच्या पाकळ्या यांपैकी काहीही रंगाला लागलीच मारक नसते. इजा होते ती वाळलेले कुंकू दुसऱ्या दिवशी घासून काढताना. ते भरपूर पाण्याने भिजवून सोडवावे, आणि हळदीचा मागे राहिलेला पिवळा डाग उन्हावर सोपवावा, कारण हळदीतील रंगद्रव्य सूर्यप्रकाशात टिकत नाही. श्रद्धेने केलेल्या पूजेचा ओरखडा गाडीवर राहू नये, एवढी काळजी घेणे कोणालाही शक्य आहे.

यानंतर मोजमाप येते, आणि बहुसंख्य ठिकाणी नेमके हेच गाळले जाते. रंगाची जाडी मोजणारा गेज लोखंडी पत्र्यावर चुंबकीय तत्त्वाने चालतो, ॲल्युमिनियमवर त्याला निराळे तत्त्व वापरावे लागते आणि प्लास्टिकच्या बंपरवर साधा गेज काहीच दाखवत नाही. तो सर्व थरांची एकत्रित जाडी सांगतो, क्लिअर कोटची वेगळी सांगत नाही. तरीही पूर्वी डेंटिंग-पेंटिंग झालेला भाग त्यामुळे लगेच उघडा पडतो, कारण लांबी (पुट्टी) भरलेल्या जागी आकडा ३०० मायक्रॉनच्याही पुढे जातो. त्र्यंबकला जाणाऱ्या रस्त्यावरच सातपूरची औद्योगिक वसाहत असून तेथे महिंद्रचा मोटारींचा कारखाना आहे. अशा कारखान्यांत रंग सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीत पक्का होतो, तर गॅरेजमधील रंग गाडीतील प्लास्टिक व वायरिंग सांभाळून ६० अंशांच्या आसपास किंवा नुसत्या हवेवर वाळविला जातो. त्यामुळे एकाच गाडीच्या दोन दारांचा रंग यंत्राखाली अगदी वेगळा वागू शकतो, आणि प्रत्येक गाडीवर आधी एका लहान चौकोनात सर्वांत सौम्य पॅड व सर्वांत सौम्य पॉलिश यांनी चाचणी घेऊन, ते अपुरे ठरले तरच पुढची पायरी चढावी, हा नियम ठरला आहे.

यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची आहेत. रोटरी यंत्राचा पॅड एकाच अक्षाभोवती फिरतो. ते झपाट्याने कापते, परंतु एकाच जागी उष्णता साठवते, आणि अननुभवी हातांत त्याच्या पॅडचे वळसे उन्हात सरकत्या छायेसारखे दिसणारे ठसे मागे ठेवतात. ड्युअल ॲक्शन यंत्राचा पॅड स्वतःभोवती फिरता फिरता केंद्रापासून थोडा सरकून घिरट्याही घालतो, त्यामुळे घर्षण विखुरले जाते. वेळ अधिक लागतो, पण चूक होण्याचा संभव बराच घटतो. शिकणाऱ्याने याच यंत्रापासून सुरुवात करावी आणि त्यात कमीपणा मानू नये. पत्र्याचे दीड-दोन फुटांचे भाग पाडून, पॅडवर पॉलिशचे चार-पाच थेंब घेऊन, यंत्र सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर या संथ गतीने, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा येईल असे आधी आडवे व मग उभे चालवावे, आणि प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशने वा हवेच्या झोताने स्वच्छ करावा, कारण निघालेला रंग त्यात साचून नवे चर पाडतो. दारांच्या कडा आणि बॉनेटच्या उंच रेषा यांवर रंग मुळातच पातळ असतो, म्हणून तेथे मास्किंग टेप लावणे आवश्यक ठरते. मध्यम कंपाउंडच्या, म्हणजे अधिक कापणाऱ्या पॉलिशच्या, एका पूर्ण प्रक्रियेत साधारण एक ते तीन मायक्रॉन थर जातो. नख अडकेल इतका खोल ओरखडा याने घालवण्याचा हट्ट धरू नये. त्याच्या कडा बोथट करून तो नजरेआड करणे शहाणपणाचे असते. क्लिअर कोटमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्ये असतात. तो प्रमाणाबाहेर पातळ झाला की काही उन्हाळ्यांनंतर छत व बॉनेट पांढुरके पडून पापुद्रे सुटू लागतात, आणि त्यावर पुन्हा रंगकाम करण्याखेरीज उपाय उरत नाही.

काम झाल्यावर दिसणारी चमक खरी आहे की चरांत बसलेल्या तेलांची, हे ओळखण्याचा मार्ग सोपा आहे: पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पृष्ठभाग पुसावा आणि प्रखर दिव्याखाली पाहावा. चर परत दिसले तर ते केवळ झाकले गेले होते. पावसाळ्यात ओल्या हवेत उघड्यावर, तसेच उन्हाने तापलेल्या पत्र्यावर हे काम करू नये; पाऊस ओसरल्यानंतर दसरा-दिवाळीच्या सुमारास छपराखाली केलेले पॉलिश त्र्यंबकच्या हवामानाला अधिक मानवते.

२०२७ च्या सिंहस्थासाठी त्र्यंबकेश्वरकडे येणाऱ्या गाड्यांची संख्या वाढेल, आणि पुढेमागे त्यांतील अनेक पॉलिशसाठी दुकानांत जातील. गाडीच्या मालकांनी तेथे एकच मागणी धरावी: यंत्र लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर प्रत्येक भागाच्या रंगाची जाडी मोजून दोन्ही आकडे कागदावर लिहून द्यावेत. ज्या दुकानात गेज नाही, त्या दुकानात गाडी फक्त धुऊन घ्यावी.