बंद करून चालू करणं

सेलू तालुक्यातल्या आमच्या देवगाव फाट्यावर कोणतंही यंत्र अडलं की उपाय ठरलेला: बंद करा, परत चालू करा. मोबाईल असो की टीव्ही, औषध एकच. बऱ्याचदा गुण येतोही.

म्हणूनच माझ्या एका माजी विद्यार्थ्याचं काम त्याच्या वडिलांना पटेना. पोरगा पुण्यात डेटा सेंटरमध्ये रात्रपाळीला. वडील म्हणाले, "सर, म्हणतो मशीन रिस्टार्ट करायला दोन तास लागतात. बटण दाबायला दोन तास? काहीतरी लपवतोय बघा. गावाकडं बोलावून घेतो."

मी पोराला फोन लावला, सगळं समजून घेतलं आणि वडिलांना त्यांच्याच भाषेत सांगितलं.

किराणा दुकानात दोन भाऊ गल्ल्यावर बसतात असं समजा. गर्दीत उधारी आधी चिठ्ठीवर लिहितात आणि गिऱ्हाइकाला "झालं" म्हणतात. वहीत नंतर उतरवतात. एकाची चिठ्ठी हरवली तर म्हणून दुसराही तिची नक्कल ठेवतो. स्टोरेज ॲरेचं असंच असतं. डिस्क म्हणजे वही, दोन कंट्रोलर म्हणजे दोन भाऊ आणि कॅशे मेमरी म्हणजे चिठ्ठी. चिठ्ठी वहीत उतरायच्या आधी भाऊ उठून गेला तर हिशेब बुडायची भीती. वीज गेली तर चिठ्ठी जपायला आत बॅटरी किंवा तशीच सोय असते. पण तिच्या भरवशावर कुणी मुद्दाम प्लग ओढत नाही.

म्हणून बटण नाही, कमांड. एचपीईच्या एमएसए ॲरेवर आधी 'शो कंट्रोलर्स' आणि 'शो रिडंडन्सी-मोड' लिहून दोन्ही कंट्रोलर धडधाकट आहेत का ते बघतात. 'शो अनरायटेबल-कॅशे' विचारलं की वहीत उतरू न शकणारी चिठ्ठी अडकली आहे का ते कळतं. अडकली असेल तर तिथंच थांबायचं. मग प्रत्येक सर्व्हरला दोन्ही कंट्रोलरकडून रस्ता आहे ना, हे तपासायचं. हे सगळं झाल्यावर 'रिस्टार्ट एससी ए'. त्या वेळी ए कंट्रोलर काम थांबवतो, कॅशे डिस्कवर उतरवतो, भार बी कडे देतो आणि मग नव्याने सुरू होतो. तो पूर्ण परत आला, सगळे रस्ते जुळले, हे बघितल्याशिवाय बी ला हात लावायचा नाही. नुसतं व्यवस्थापनाचं पान अडकलं असेल तर 'रिस्टार्ट एमसी' पुरतं. त्यात माहितीची ये-जा थांबत नाही. दुसऱ्या कंपनीच्या यंत्राच्या कमांड वेगळ्या असतात, क्रम मात्र हाच.

वडील थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे दोन तास बटण दाबायला नाही, तपासायला लागतात." पोरगा पुण्यातच राहिला.

हा धडा मी आता आठवीच्या वर्गात घेतो. संगणक कक्ष बंद करायच्या पायऱ्या मुलांकडून लिहून घेतो: फाईल जतन केली का, प्रोग्राम बंद केले का, शटडाऊन पूर्ण झालं का, मगच मुख्य बटण. प्रत्येक पायरीपुढे एक रकाना असतो, 'उत्तर नाही आलं तर काय?' बहुतेक मुलं आधी तो कोराच ठेवतात. चर्चा तिथूनच सुरू होते आणि हळूहळू मुलं लिहायला लागतात, "थांबायचं, सरांना विचारायचं." घाई करणाऱ्या लेकरांना थांबणं हेही काम आहे, हे एवढ्यानं कळतं. तुमच्या वर्गात, घरी करून बघा.