लॅपटॉप घेण्याआधी मुलांना विचारायचा एक प्रश्न



कापूस विकल्यावर दर्यापूरजवळच्या एका गावचे पालक घरी आले. त्यांची मुलगी दहावीपर्यंत माझ्या वर्गात होती, आता अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे. म्हणाले, "सर, पोरीले लॅपटॉप लागते म्हनते. चार वर्सं टिकन असा सांगा. दुसरा घेनं माह्याच्यानं होनार नाही."

मी मुलीला विचारलं, "गेम खेळतेस का गं?" तिनं बापाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

हा प्रश्न मी माझ्या मुलाला विचारला नव्हता. दिसायला छान, पातळ, 4 जीबी रॅमचा लॅपटॉप आणून दिला. रॅम बोर्डलाच जोडलेली, त्यामुळे पुढे वाढवता आली नाही. तो रात्री गादीवर ठेवून गेम खेळायचा. हवा आत जायची जागाच बंद! मशीन तापून आपोआप बंद पडू लागलं, पण गेमचं कळेल म्हणून त्यानं सांगितलं नाही. गेम लपवला, म्हणून बिघाडही लपवला. शेवटी ऐन प्रोजेक्टच्या वेळी बोर्ड गेला.

म्हणून त्या बापलेकीला मी सांगितलं ते असं:

1. 16 जीबी रॅम आणि 512 जीबी एसएसडी असावी. बजेट कमी असेल तर 8 जीबी घ्या, पण रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे ना, हे दुकानातच विचारा.

2. हलक्याफुलक्या गेमसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. त्यानं किंमत, वजन आणि उष्णता वाढते. रॅमच्या दोन पट्ट्या असल्या तरी गेम बऱ्यापैकी सुधारतो.

3. बहुतेक लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, वरून धूळ. टेबलावरच वापरा, वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्या.

4. झाकण उघडझाप करून बिजागरी तपासा. साध्या वॉरंटीत पडणं, पाणी सांडणं सहसा येत नाही. दुरुस्ती अमरावतीत होते का, तेही विचारा.

5. जुना घेत असाल तर विंडोज 11 चालतं का पाहा. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला.

मुलगी हळूच म्हणाली, "सर, खेळते मी. रविवारी."

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खेयजो माय. पन गादीवर ठिवू नोको. अन् बिघडला तं पयले मले सांगजो."

पालकहो, रॅम आणि एसएसडी दुकानदारही सांगेल. पण मूल न घाबरता खरं सांगेल असं घर आपल्यालाच ठेवावं लागतं. वस्तू टिकते तीही त्यामुळेच.