पावसाच्या गावातील मांसल फुलझाडे

पान, खोड किंवा मूळ यांपैकी एखाद्या अवयवात पाणी साठवून कोरडा काळ निभावून नेणाऱ्या झाडांना मांसल वनस्पती म्हणतात. रोपवाटिकेत त्यांना सरसकट ‘सक्युलंट’ म्हटले जाते. येथे विचार केला आहे तो फुलांसाठी घरात लावल्या जाणाऱ्या काही जातींचा : अडेनियम, कलांचो, काटेरी युफोर्बिया, ऑफिस टाइम आणि कोरफड. मादागास्कर, पूर्व आफ्रिका, अरबस्तान, दक्षिण अमेरिका अशी यांची माहेरे आहेत. पुढील माहिती मात्र चामटोलीतल्या एका दक्षिणाभिमुख गॅलरीतली आहे. प्रस्तुत लेखिकेने तेथे जे लावले, जे जगवले आणि जे गमावले, त्यातून ती हाती आली.

चामटोली हे अंबरनाथ तालुक्यातले गाव बदलापूर आणि वांगणी यांच्या मधोमध आहे. उल्हास नदी जवळून वाहते, समोर चंदेरीची डोंगररांग दिसते. मृगापासून हस्तापर्यंत धो धो पाऊस, मग सात-आठ महिने जवळजवळ थेंब नाही, वैशाखात पारा चाळिशीला टेकतो. असे येथले वर्ष असते. थंड देशांतल्या बागकामाच्या पुस्तकांत या झाडांचा मोठा शत्रू म्हणून हिमाचे नाव असते. येथे थंडीची भीती नाही आणि उन्हाचीही फारशी नाही. येथे जपायचे ते आषाढ-श्रावणात.

तरीही गावाच्या बांधांवर शेर आणि निवडुंगाची कुंपणे पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. दोन्ही मांसल, चिकाळ झाडे. सगळा पावसाळा ती भिजत काढतात आणि कुजत नाहीत. बांध उंच असतो, खाली मुरूम असतो, पडलेले पाणी घटकाभरात वाहून जाते. पाऊस या झाडांना मारत नाही, मुळांशी साचून राहिलेले पाणी मारते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही. गुदमरलेली मुळे मरतात आणि त्यांवर बुरशी चढते. बांधाकडे पाहून जे पहिल्याच वर्षी कळायला हवे होते, ते गॅलरीत कळायला २०१९ साल उजाडावे लागले.

त्या वर्षी २६ जुलैच्या रात्री पावसाने कहर केला. उल्हास नदीचे पाणी रुळांवर आले आणि मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान, चामटोलीजवळ पाण्यात अडकली. दुसऱ्या दिवशी हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढण्यात आले. गॅलरी दुसऱ्या मजल्यावर असल्याने पुराचे पाणी तेथे पोहोचण्याचा प्रश्न नव्हता. माणसांची काळजी चालू असताना कुंड्यांकडे कोणी पाहिले नाही आणि पाहिले असते तरी त्या टवटवीत दिसल्या असत्या. सात अडेनियम होती, पानांनी भरलेली. प्रत्येक कुंडीखाली फरशी खराब होऊ नये म्हणून ताटली ठेवलेली होती आणि तिरप्या पावसाने त्या ताटल्या काठोकाठ भरलेल्या होत्या.

आठवड्याने एका झाडाची पाने पिवळी पडून एकदम गळाली. बुंधा बोटाने दाबला तर पिकलेल्या चिकूसारखा आत गेला. अडेनियमच्या निरोगी बुंध्याला कच्च्या बटाट्याचा कडकपणा असतो. तो नसला तर वरची पाने कितीही हिरवी असोत, झाड आतून गेलेले असते. सातांपैकी पाच अशी गेली. उरलेली दोन उपटून, मऊ झालेला भाग चाकूने कापत नेला. तपकिरी डाग संपून स्वच्छ पांढरा गर लागेपर्यंत कापावे लागते. एक ठिपका राहिला तरी कूज पुन्हा धरते. प्रत्येक कापानंतर चाकू स्पिरिटने पुसला, जखमेवर बुरशीनाशक चोळले आणि दोन्ही झाडे सुतळीने स्वयंपाकघरात उलटी टांगली. पंधरा दिवसांत जखमेवर कोरडी खपली धरली. त्यानंतर ती कोरड्या मिश्रणात लावली आणि आठवडाभर पाणी दिले नाही. दोन्ही आजही आहेत. एकाचा बुंधा कापाच्या बाजूने कायमचा चपटा राहिला आहे.

त्यानंतर ताटल्या गेल्या आणि कुंड्यांमधली माती बदलली. बागेची तांबडी माती एक वाटा, जुने चाळलेले शेणखत एक वाटा आणि निचरा करणारा भरड माल दोन वाटे, हे प्रमाण या गावाला मानवते. भरड माल विकत आणण्याची गरज नसते. परिसरातल्या वीटभट्ट्यांवर फुटक्या विटा मिळतात. त्या कुटून, चाळून, पीठ टाकून देऊन हरभऱ्याएवढे तुकडे घ्यायचे. भातगिरणीतल्या तुसाची राख थोडी मिसळली तर मिश्रण हलके होते. कोकोपीट मात्र येथे टाळावे : ते पाणी धरून ठेवते आणि पावसाळ्यात तेच नको असते. कुंडी मातीची, उथळ, तळाला एकाहून अधिक भोके असलेली असावी आणि ती दोन विटांवर ठेवावी, म्हणजे खालून वारा खेळतो. पाणी द्यायचे की नाही हे ठरवायला उदबत्तीची जळून उरलेली काडी पुरते. ती तळापर्यंत खोचून मिनिटभराने काढावी. काडीला ओल किंवा माती लागली तर पाणी देऊ नये.

अडेनियमचे वर्ष ओळखले की त्याची निगा सोपी होते. पौषात ते पाने टाकते. नवख्याला ते मेल्यासारखे वाटते आणि तो पाणी वाढवतो. नेमके तेव्हाच पाणी कमी करायचे असते. माघ-फाल्गुनात ऊन तापू लागले की छाटणी करावी. प्रत्येक कापाखालून दोन-तीन नवे फाटे फुटतात आणि फूल नव्या फाट्याच्या टोकालाच येते, म्हणून छाटणीला कचरू नये. चैत्र-वैशाखात पूर्ण ऊन आणि सढळ पाणी दिले की झाड पानांपेक्षा फुलांनी जास्त भरते. कुंडी बदलताना दर वेळी बुंधा बोटभर वर उचलून लावला की वरची जाड मुळे उघडी पडतात आणि झाडाला वयाचा डौल येतो.

कलांचोचे गणित उन्हापेक्षा अंधाराशी अधिक जुळलेले आहे. मूळच्या मादागास्करच्या या झाडाचे शास्त्रीय नाव जर्मनीतल्या पॉट्सडॅमचे बियाणे-व्यापारी ब्लॉसफेल्ड यांच्यावरून पडले. १९३०च्या दशकात त्यांनी ते बाजारात आणले. रात्र लांबू लागली की त्याला कळी धरते. शरद संपातानंतर येथली रात्र दिवसापेक्षा मोठी होते आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात ती सुमारे १३ तासांची असते. कोजागिरीच्या सुमारास झाडाच्या आत सुरू झालेले काम मार्गशीर्ष-पौषात फुलांचे गुच्छ होऊन बाहेर दिसते. गॅलरीत एका वर्षी सहापैकी चार कुंड्या फुलल्या आणि जिन्याच्या बाजूच्या दोन नुसत्या पानांनी माजल्या. माती तीच, पाणी तेच. त्या वर्षी जिन्यात रात्रभर जळणारा नवा पांढरा दिवा लागला होता आणि त्याचा उजेड नेमका त्या दोन कुंड्यांवर पडत होता. पुढच्या वर्षी त्यांवर संध्याकाळी सहा ते सकाळी आठ पुठ्ठ्याचा खोका घालण्याचा नेम सहा आठवडे पाळला. एकही रात्र चुकवली नाही. सहाव्या आठवड्यात पानांच्या बेचक्यात मोहरीएवढ्या कळ्या दिसल्या. बाजारातून फुललेले कलांचो आणून, फुले सुकताच टाकून देणारी घरे पुष्कळ आहेत. दांडे छाटून, पुढच्या कोजागिरीपर्यंत सांभाळून अंधार दिला की तेच झाड पुन्हा फुलते.

कलांचोची जवळची आप्त पानफुटी. पुस्तकात ठेवलेल्या तिच्या पानाच्या खाचांतून रोपे फुटलेली ज्याने लहानपणी पाहिली नाहीत असा मराठी माणूस विरळा. या पानाने वनस्पतिशास्त्रात मोठे काम केले आहे. दक्षिण भारतात काम करणारे बेंजामिन हाइन यांनी पानफुटीची पाने चावून पाहिली. सकाळी ती आंबट लागली, दुपारपर्यंत आंबटपणा गेलेला होता. ही नोंद १८१५ साली छापली गेली. आज तिचे कारण माहीत आहे. ही झाडे पाणी उडून जाऊ नये म्हणून दिवसा पानांची रंध्रे मिटून घेतात, रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि तो आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा ते आम्ल वापरून अन्न तयार होते, म्हणून आंबटपणा ओसरतो. कोरफडही हेच करते. दाराला उलटी टांगलेली कोरफड मातीशिवाय महिनोन्‌महिने हिरवी राहते, त्यात मांसल पानांतल्या साठ्याइतकाच या सवयीचा हात आहे. कुंडीतल्या जुन्या कोरफडीला हिवाळ्यात पिवळ्या फुलांचा उंच दांडा येतो. शिंजीर त्याला लटकून एकेका नळीत चोच घालत खालून वर सरकत जातो. हे पाहण्यासाठी एक कुंडी जरूर ठेवावी.

काटेरी युफोर्बिया, म्हणजे ‘ख्रिस्ताचा मुकुट’, सर्वांत सोशिक. ऊन भरपूर असले की जवळजवळ वर्षभर फुले राहतात. रंगीत दिसतात ती मात्र सहपत्रे असतात, खरी फुले त्यांच्या मध्यभागी बारीक. ऑफिस टाइम तर लावायलाही लागत नाही, दांडी खोचली की झाले. घोळीच्या भाजीची ही बहीण सकाळी ऊन चढल्यावर उमलते आणि दुपार उलटताच मिटते. पावसाळ्यात ती बसते. चार दांड्या छताखाली सुरक्षित ठेवल्या की दसऱ्यानंतर पुन्हा कुंडी भरते.

किडींमध्ये पिठ्या ढेकूण मुख्य. कोरड्या महिन्यांत तो पानांच्या बगलेत कापसासारखा दिसतो. सुरुवातीला स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढावा. पसरला तर निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा. पावसाळ्यात गोगलगायी कलांचोची कोवळी पाने एका रात्रीत खातात. त्यांना रात्री विजेरी घेऊन वेचण्यावाचून दुसरा खात्रीचा उपाय सापडला नाही.

युफोर्बियाचा पांढरा चीक डोळ्याला घातक आहे. अडेनियमच्या रसाचा आफ्रिकेत बाणांना विष लावण्यासाठी वापर होत आला आहे. कलांचो जनावरांच्या पोटात गेले तर हृदयावर परिणाम होतो. छाटणीनंतर हात साबणाने धुवावेत, छाटलेले फाटे शेळ्या-मांजरांच्या वाटेत टाकू नयेत आणि लहान मूल घरात असेल तर कुंड्या उंचावर ठेवाव्यात.

वाढवण्याचे मार्ग जातीनुसार वेगळे. कलांचो आणि युफोर्बिया फाट्यांवरून होतात. काप तीन-चार दिवस सुकू द्यावा, मगच लावावा. अडेनियमचा फाटाही जगतो, पण त्याला सहसा तसा फुगीर बुंधा धरत नाही. त्यासाठी बीच लागते आणि हव्या त्या रंगासाठी बियांच्या रोपावर पाचर कलम करतात. वाचलेल्या दोन झाडांतल्या चपट्या बुंध्याच्या झाडाला नंतर शेंगा धरल्या, शिंगांसारख्या जोडीने. त्या तडकल्या की दोन्ही टोकांना झुपके असलेल्या बिया वाऱ्यावर उडून जातात, म्हणून शेंग भरत आल्यावर तिला दोऱ्याचे सैल वेढे द्यावेत. ताजे बी विटांच्या चुऱ्यात आडवे पेरले की आठवड्याभरात उगवते. पेरणी फाल्गुनात करावी, म्हणजे मृग येईपर्यंत रोपांचा बुंधा बोराएवढा होतो आणि पहिला पावसाळा त्यांना छताखाली, विटांवर, ताटलीशिवाय काढता येतो.