आठ इंजिनांची होडी

आमच्या मेकॅनिकलच्या पोरांना रणगाडे आवडतात, फायटर विमानं आवडतात. मला मात्र एका बेढब होडीनं पछाडलंय. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन एलसीआय(एल)-८५. नावसुद्धा नाही, नुसता नंबर! काम एकच: पायदळाचे सुमारे २०० जवान थेट किनाऱ्यावर नेऊन उतरवायचे.

लांबी ४८ मीटर, तळ सपाट. समुद्रात ती इतकी डोलायची की आतल्यांची पोटं ढवळून निघत. पण इंजिनरूम बघा राव! जनरल मोटर्सची आठ डिझेल इंजिनं, एकेका शाफ्टला चार-चार. एखादं बिघडलं तर त्याचा क्लच सोडवायचा, बाकीची चालूच. मागे जायला इंजिन उलटं फिरवायचं नाही, प्रोपेलरच्या पात्यांचा कोन बदलायचा. आणि वाळूत टेकलेली होडी निघणार कशी? किनारा यायच्या आधीच मागचा नांगर टाकून ठेवायचा, मग विंचनं त्याचा दोर गुंडाळत स्वतःला मागे खेचायचं. ज्यानं हे डिझाइन केलं त्यानं जाण्याइतकाच परतीचा विचार केला होता. मला त्याला भेटायला आवडलं असतं.

८५ वर कोस्ट गार्डचे खलाशी होते. १९४३ मध्ये सिसिली, सालेर्नो झालं. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर तिच्याखाली सुरुंग फुटला, वरून तोफगोळे बसले, आग लागली, माणसं गेली. तरी खलाशांनी तिला मागे काढलं आणि जखमींना सॅम्युएल चेस या मोठ्या जहाजावर पोचवलं. त्याच दिवशी ८५ बुडाली. तिच्या सोबतच्या ९१, ९२ आणि ९३ सुद्धा ओमाहालाच गेल्या.