दोन फटक्यांच्या मधलं

अकिरा कुरोसावाच्या 'सांजुरो'मध्ये (१९६२) अगदी शेवटी दोन तलवारबाज समोरासमोर उभे राहतात. तोशिरो मिफुने आणि तात्सुया नाकादाई. इतके जवळ, की एकाचा श्वास दुसऱ्याच्या तोंडावर यावा. बोलायचं ते बोलून झालेलं आहे. बाजूला काही तरुण सामुराई जीव मुठीत धरून बघताहेत. आणि मग काहीच घडत नाही. हात हलत नाही, पाय हलत नाही, पार्श्वसंगीत नाही. जवळजवळ अर्धा मिनिट आपण दोन माणसांचं नुसतं उभं राहणं बघत असतो. शेवट पाठ असूनही त्या अर्ध्या मिनिटात माझे तळहात ओले होतात. मग एकच हालचाल होते, डोळ्यांना धड पकडताही येऊ नये अशी, आणि नाकादाईच्या छातीतून रक्ताचं कारंजं उडतं.

मारामारीचे सिनेमे मला मनापासून आवडतात. ते का आवडतात याचा विचार करायला बसले की मी फिरून या अर्ध्या मिनिटापाशी येते. तिथे मारामारी जवळपास नाहीच. असलेली निमिषात आटोपते. तरी मारामारीची सगळी गोडी मला तिथेच साठलेली दिसते.

खरी मारामारी मला बघवत नाही. स्टेशनबाहेर किंवा एसटी स्टँडवर दोन माणसं एकमेकांची कॉलर धरतात तेव्हा पोटात कालवाकालव होते. काही दिसतही नाही त्यात. ओढाताण, शिव्या, फाटलेला शर्ट, लांब उडालेली एखादी चप्पल, आणि मध्ये पडणाऱ्यांची गर्दी. कोणी आधी हात उचलला हे बघ्यांनाही सांगता येत नाही. तिथे राग सगळं गिळून टाकतो. पडद्यावरच्या चांगल्या लढतीत मला माणूस विचार करताना दिसतो. हाताने, पायाने, कमरेने, मानेच्या एका झटक्याने. आणि तो विचार बघणाऱ्यापर्यंत पोचायला थोडी उसंत लागते. दोन फटक्यांच्या मधली ती उसंत ज्याला राखता आली, तो फाइट मास्टर मोठा, असं माझं मत होत गेलं आहे.

हाँगकाँगच्या सिनेमाला ही उसंत रंगभूमीने दिली. पेकिंग ऑपेरातला योद्धा रंगमंचभर गिरक्या घेतो, भाले फिरवतो, हवेत कोलांट्या मारतो, आणि झांजा-घंटांच्या एका कडकडाटावर जागच्या जागी थिजतो. मान ताठ, नजर थेट प्रेक्षकांवर. तबलजी तिहाई घेऊन नेमका समेवर येतो आणि बैठकीतून एकदम दाद उठते, तसा तो क्षण असतो: आधीची सगळी धावपळ त्या थांबण्यासाठीच होती असं वाटायला लावणारा. या ऑपेरात 'सान चा कोऊ' नावाचा एक खेळ आहे. रात्रीची सराई, मिट्ट काळोख, आणि खोलीत एकमेकांना न ओळखणारे दोघे जण. रंगमंचावर मात्र लख्ख उजेड असतो. अंधार आहे तो नटांच्या अंगात. एकाच्या तलवारीचं पातं दुसऱ्याच्या गालाशेजारून जातं आणि दोघेही ते 'न बघता' कान टवकारून थांबतात. आपल्याला सगळं दिसतं, त्यांना काहीच नाही. लढतीतला आनंद कशाचा बनतो हे मला कोणी विचारलं तर मी हा खेळ दाखवेन.

जॅकी चॅन, सॅमो हंग, युएन बियाओ, युएन वाह ही सगळी मंडळी हाँगकाँगमधल्या एकाच गुरूच्या, यू जिम-युएन यांच्या ऑपेराशाळेत वाढली. लहान वयात तिथे राहायला गेलेली पोरं. हातांवर उलटं उभं राहणं, पाय डोक्यापर्यंत ताणणं, पहाटेपासून रात्रीपर्यंत तेच, आणि चुकलं की छडी. त्या छडीचं कौतुक मला करवत नाही. पुढे पडद्यावर जे सहज वाटतं त्यासाठी मुलांनी फार मोठी किंमत मोजली आहे, आणि ते आठवल्याशिवाय या सिनेमांवर प्रेम करणं मला बरोबर वाटत नाही.

किंग हू या दिग्दर्शकाने हे ऑपेराचं अंग सिनेमात आणलं. त्याच्या 'कम ड्रिंक विथ मी'ची (१९६६) नायिका चेंग पेई-पेई नृत्य शिकलेली होती. सराईत ती एका टेबलाशी शांत बसते आणि गुंड एकेक करून तिच्याभोवती जमतात. कोण कुठे बसलं, कोणाची नजर कोणाकडे गेली, कोणाचा हात मुठीपाशी सरकला, हे सगळं हू इतक्या निवांतपणे दाखवतो की पहिला वार होण्याआधीच लढाई अर्धी झालेली असते. एक बाई बसून राहते आणि खोलीतल्या साऱ्या पुरुषांना घाम फुटतो.

हे मी फार उशिरा पाहिलं. आमच्या लहानपणी या सिनेमांचं घर म्हणजे व्हिडिओ पार्लर, आणि तिथे मुलींनी जायचं नसे. आमच्यापर्यंत ते पोचले भाड्याच्या व्हीसीआरवरून. गणपतीत नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत मोठे भाऊ वर्गणी काढून मशीन आणत, रात्रभराच्या कॅसेटी आणत, आणि त्यात एखादा तरी 'फायटिंगचा पिक्चर' असेच. भाषा कळायची नाही, प्रिंट घासलेली, रंग उडालेले. तरी कोण गुरू, कोण दगाबाज, कोण आज हरून उद्या जिंकणार, हे आम्हां पोरांना आजीपेक्षा आधी कळे. देहांची बोलाचाली कळायला भाषांतर लागत नव्हतं. कोणीतरी मध्येच 'पॉज' दाबायचं, चित्र पांढऱ्या रेघांमध्ये थरथरत उभं राहायचं, आणि हवेत आडवा झालेला माणूस आम्ही जवळ जाऊन बघायचो.

ब्रूस लीने स्वतः लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला 'वे ऑफ द ड्रॅगन' (१९७२) मी अशाच एका रात्री पहिल्यांदा पाहिला. रोमच्या कलोसियममध्ये ली आणि चक नॉरिस. नॉरिस हा खरोखरचा कराटे विजेता. अंगाने लीपेक्षा चांगलाच दणकट. गंमत म्हणजे दोघं भेटल्या भेटल्या भिडत नाहीत. ते अंग मोकळं करतात. बोटं मोडतात, खांदे फिरवतात, पाय ताणतात, तेही अगदी सावकाश, एकमेकांना पुरता वेळ देत. मांजराचं एक पिल्लू शेजारून हे बघत असतं. शत्रूला तयारीसाठी अवधी द्यायचा, हा मोठेपणा मला तेव्हाही भावला होता. आता कळतं की लीने तो अवधी आपल्यालाही दिलेला आहे. दोघांचे देह आपण आधी ओळखून घ्यावेत म्हणून.

मग ली मार खातो. जमिनीवर पडतो, उठतो, पुन्हा पडतो. आणि पडलेला असताना त्याला काहीतरी सुचतं. ते सुचणं मला फार प्रिय आहे. तो उठतो तेव्हा त्याची चालच बदललेली असते. चवड्यांवर नाचू लागतो, वार चुकवू लागतो, लय मोडून टाकतो. नॉरिसही तसं नाचून बघतो, त्याला ते जमत नाही. जिंकणं कुठून सुरू झालं हे बोट ठेवून दाखवता येतं, आणि ते ताकदीपाशी सुरू झालेलं नसतं. शेवटी नॉरिसचा हात मोडलेला, पाय मोडलेला, तरी तो उभा राहतो. इथे ली थांबतो. मान किंचित हलवतो: नको, बस कर. नॉरिस ऐकत नाही. ली त्याला मारतो, आणि मग त्याचा कराटेचा अंगरखा आणि काळा पट्टा आणून त्याच्या देहावर ठेवतो, गुडघा टेकून बसतो.

'सांजुरो'मध्येही नाकादाई कोसळल्यावर तरुणांपैकी एकजण भारावून दाद देतो, आणि मिफुने त्याच्यावर संतापतो. मेलेला माणूस आपल्यासारखाच होता, म्यानाबाहेर राहिलेली तलवार, हे त्याला उमगलेलं असतं. दाद देणाऱ्या त्या तरुणात मी स्वतःला बघते. आनंद झाला हे खरं, आणि एक माणूस गेला हेही खरं. हे दोन्ही एकदम अंगावर घ्यायला जे सिनेमे लावतात तेच मला टिकाऊ वाटतात.

जॅकी चॅनचा मार्ग निराळा. त्याच्या लढतीत दुखतं. समोरच्याला ठोसा लगावल्यावर तो स्वतःचा हात झटकतो, फुंकर घालतो, चेहरा वेडावाकडा करतो. 'पोलीस स्टोरी'च्या (१९८५) शेवटी तो मॉलमधल्या दिव्यांनी लगडलेल्या उंच खांबावरून घसरत खाली येतो, आणि ती एकच उडी आपल्याला वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा पुन्हा दाखवली जाते. बघणाऱ्याला फसवलेलं नाही, याची ती ग्वाहीच. कॅमेरा लांब, देह डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत. शॉट बदललाच तर फटका बसतानाचा क्षण दोन्ही शॉट्समध्ये थोडा थोडा ठेवलेला, म्हणजे डोळ्याला तो निसटत नाही. उलट हल्लीच्या कित्येक सिनेमांत कॅमेरा इतका हिंदकळतो आणि तुकडे इतके बारीक असतात की हाती फक्त आवाज लागतो. स्टेशनबाहेरच्या मारामारीत असतं तेच. वेगाने मला वैताग येत नाही, न दिसण्याने येतो. इंडोनेशियाचा 'द रेड' (२०११) मी अचंब्याने पाहिला, इको उवाइसचं कसब थक्क करणारं आहे. पण तो मला दमवतो, कारण श्वास घ्यायला जागा फार थोडी ठेवतो. कोरियाच्या 'ओल्डबॉय'मधली (२००३) बोळातली लांबलचक हातोडीची लढत मला जास्त जवळची. तिथे मारणारा आणि मार खाणारे सगळेच मध्येच धापा टाकत थांबतात.

आणि सगळ्यांत आवडती लढत? आंग लीच्या 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'मधली (२०००). बांबूच्या शेंड्यांवरची नव्हे, ती सुंदर आहेच. माझी लढत तालीमखान्यातली: मिशेल यो आणि झांग झियी. युएन वू-पिंगने बसवलेली. थोरलीने जिला धाकट्या बहिणीसारखं मानलं ती पोर आता 'ग्रीन डेस्टिनी' तलवार घेऊन समोर उभी आहे, आणि त्या तलवारीपुढे कुठलंच हत्यार टिकत नाही. मग थोरली भिंतीशी लावलेली हत्यारं एकेक करून उचलते. जोडतलवारी, भाला, आकड्यांच्या तलवारी. एक तुटलं की दुसरं. धातूचा एक अवजड दांडा उचलायला जाते, तो पेलवत नाही, तोल जातो. ऐन लढाईत हसू फुटतं. दर हत्याराबरोबर तिची चाल बदलते. भाल्याबरोबर अंतर वाढतं, आकड्यांबरोबर ती जवळ शिरते. हत्यार तुटल्यापासून दुसरं हाती येईपर्यंतच्या क्षणभरात तिची नजर भिंतीवरून फिरते, आणि आपणही तिच्याबरोबर शोधायला लागतो. तरुण मुलीजवळ एकच अजिंक्य गोष्ट आहे. हिच्याजवळ आयुष्यभराची मेहनत आहे.

शेवटी हातात मोडकी तलवार उरते. तिचं ते मोडकं पातं पोरीच्या गळ्याला टेकतं, आणि थोरली तिथेच हात आवरते. लढत इथे संपली. पण पोर थांबत नाही. तलवार वर होते आणि थोरलीच्या दंडावर जखम करून जाते. कोण जिंकलं याबद्दल कोणाच्याही मनात शंका राहत नाही.

असं हात आवरणं पडद्यामागे तर क्षणोक्षणी चालू असतं. दोन नट एकमेकांकडे जळजळीत नजरेने बघतात तेव्हा आपल्याला वैर दिसतं. त्यांच्यात मात्र विचारपूस चाललेली असते: तयार आहेस ना, डावीकडून येतोय. लाथ अंगाला जेमतेम लागते किंवा लागतही नाही, आणि ती लाथ खरी करतो तो पडणारा. मान किती फिरवायची, पाय जमिनीवरून कधी सोडायचे, पाठ कुठे टेकवायची हे त्याने वेळेत केलं नाही तर ब्रूस लीची लाथसुद्धा पोकळ दिसेल. ब्रूस लीने 'फिस्ट ऑफ फ्युरी'त (१९७२) खलनायकाला लाथ मारून भिंतीपलीकडे उडवलं, तेव्हा प्रत्यक्षात उडाला तो खलनायकाचा डुप्लिकेट, कोवळा जॅकी चॅन. 'एंटर द ड्रॅगन'च्या (१९७३) सुरुवातीला लीकडून हरणारा धिप्पाड गडी सॅमो हंग, लीच्या कोलांट्या मारणारा डुप्लिकेट युएन वाह, आणि तळघरातल्या हाणामारीत ज्या पोराचे केस धरून ली मान मोडतो तो पुन्हा जॅकी चॅनच. पुढे यांची नावं जगाला कळली. त्यांच्या शेजारी पडलेल्या बाकीच्यांची फारशी कोणाला माहीत नाहीत.

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी असा सिनेमा लावाल तेव्हा एक लढत तरी नायकावरची नजर काढून मार खाणाऱ्याकडे बघत बघा. आणि शेवटी नावं सरकायला लागली की उठू नका, स्टंट करणाऱ्यांची यादी येईपर्यंत बसा.